सीएनसीचं कार्ड उडालंय? फॉरमॅटला हात लावायच्या आधी हे वाचा

रात्री साडेदहा-अकराला फोन वाजला की मला साधारण कळतं काय असणार. "दादा, मशीन कार्ड घेत नाहीये, लॅपटॉपला लावलं तर फॉरमॅट मागतंय, करू का?" आणि माझं उत्तर दरवेळी तेच, नको, काहीही दाबू नकोस, कार्ड काढ, डबीत ठेव, मी येतो. गेली चौदा वर्षं भोसरी एमआयडीसीत सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी कटिंग मशीन) आणि पीएलसी (मशीन-लाइन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) यांच्या मेंटेनन्समध्ये आहे आणि माझ्या हातातून गेलेल्या कार्डांवरून सांगतो, कार्ड बिघडल्यामुळे जेवढं गेलं त्याच्यापेक्षा जास्त ते बिघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात घाईघाईने जे काही केलं गेलं त्यात गेलं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

हे मशीनमधल्या कार्डांबद्दल आहे. फॅनकच्या कंट्रोलला पीसीएमसीआयए अडॅप्टरमधून लागणारं कॉम्पॅक्ट फ्लॅश म्हणजे आपलं सीएफ, सिमेन्सच्या साइन्युमेरिक कंट्रोलचं सीएफ, एस७-३०० पीएलसीचं छोटं एमएमसी, एस७-१२०० आणि १५०० चं एसडीसारखं दिसणारं कार्ड, डेटा लॉगरमधली मायक्रो एसडी, ही सगळी मंडळी. कॅमेऱ्याच्या कार्डाला पण यातलं बरंच लागू पडतं, पण आपल्याकडे फोटो नसतात, प्रोग्राम, ऑफसेट (टूल आणि जॉबची मापं), पॅरामीटर (मशीनच्या सेटिंग्ज) असतात आणि त्यात एक ओळ गेली तर टूल सरळ वाइसमध्ये घुसतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मशीन बंद करू नका

पहिला प्रश्न हा की गेलेला डेटा खरंच फक्त कार्डातच होता का. बऱ्याचदा मशीनच्या पोटात त्याची एक प्रत बसलेली असते आणि आपण कार्डाच्या मागे लागून ती विसरतो. फॅनकमध्ये प्रोग्राम, ऑफसेट, पॅरामीटर, मॅक्रो व्हेरिएबल हे सगळं कंट्रोलच्या स्वतःच्या मेमरीत असतं, कार्ड फक्त ने-आण करायला. म्हणून मशीन चालू असेल तर चालूच ठेवा, दुसरं चांगलं कार्ड आणा, पॅरामीटर २० मध्ये ४ आहे ना बघा कारण ४ म्हणजे मेमरी कार्ड, आणि जे जे बाहेर काढता येतं ते सगळं पंच करून, म्हणजे कार्डावर लिहून, घ्या. स्क्रीनवर बॅटरीची खूण लुकलुकत असेल तर आधी मशीनची पॉवर चालू असतानाच बॅटरी बदला. पॉवर बंद करून बॅटरी काढली तर एसरॅममधलं, म्हणजे बॅटरीवर टिकून राहणाऱ्या मेमरीतलं, सगळं जाऊ शकतं, मग कार्डाचं दुःख लहान वाटेल.

हे झालं की मगच मशीन बंद करून बूट स्क्रीनवरून एसरॅमचा पूर्ण बॅकअप घ्या. स्क्रीनखालच्या सॉफ्ट कीपैकी उजवीकडच्या शेवटच्या दोन एकत्र दाबून धरायच्या आणि पॉवर ऑन करायची, मेनू येतो, त्यात एसरॅम डेटा युटिलिटी. इथे घाई करू नका कारण बॅकअप आणि रिस्टोअर एकाखाली एक आहेत, बॅकअप म्हणजे सीएनसीतून कार्डात, रिस्टोअर म्हणजे कार्डातून सीएनसीत, चुकून रिस्टोअर दाबलं आणि कार्डात जुना बॅकअप असला तर आज जे चांगलं आहे त्याच्यावर चार वर्षांपूर्वीचं बसेल. आणि मेन मेनूत कार्ड फॉरमॅटचा पण ऑप्शन आहे, त्याच्याकडे बघायचं पण नाही. मी बाण कुठून कुठे आहे ते बोटाने दाखवून मोठ्याने वाचतो, शेजारी उभ्या पोराला पण वाचायला लावतो, मगच दाबतो.

पीएलसीचं पण तसंच. एस७-३०० चालू असेल आणि एमएमसीबद्दल शंका असेल तर पॉवर काढायच्या आधी लॅपटॉप जोडून अपलोड करून बघा. नवीन एस७-३०० एमएमसीशिवाय चालतच नाही, लोड मेमरी त्याच कार्डात आहे, म्हणजे एकदा पॉवर गेली आणि कार्ड परत वाचलं गेलं नाही तर लाइन उभी. अपलोड झालं तरी सिम्बॉल आणि कॉमेंट मिळत नाहीत, नुसतं लॉजिक येतं, पण तेवढं पण त्या वेळी सोन्यासारखं असतं. आणि सीपीयू रनमध्ये असताना एमएमसी खेचायचं नाही, लिहिणं चालू असेल तर आतलं सगळं विस्कटतं.

खरी अडचण येते ती मोल्डवाल्यांकडे. जुन्या कंट्रोलची मेमरी इवलीशी, थ्रीडी सरफेसचा प्रोग्राम काही एमबीचा, तो मशीनमध्ये मावतच नाही म्हणून कार्डावरूनच डीएनसीने, म्हणजे थोडं थोडं वाचत, चालवतात. तिथे कार्ड गेलं की प्रोग्राम गेला, आणि कॅममधली (प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरमधली) मूळ फाइल ज्या प्रोग्रामरकडे होती तो नोकरी सोडून गेलेला असतो.

विंडोज नाही म्हणालं म्हणजे कार्ड मेलं असं नाही

हे मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचंय. साइन्युमेरिक ८४०डी एसएलचं सीएफ तुम्ही विंडोज लॅपटॉपला लावलंत तर विंडोज सांगणार की डिस्क फॉरमॅट करा, कारण त्या कार्डावर लिनक्सची फाइल सिस्टिम आहे जी विंडोजला कळत नाही. कार्ड एकदम ठणठणीत असतं! लिनक्सवर चालणारे जे छोटे गेटवे येतात त्यांच्या मायक्रो एसडीचं पण हेच. आणि घाबरलेला माणूस त्या खिडकीत हो दाबतो, आणि चांगलं कार्ड स्वतःच्या हाताने मारतो.

एस७-३०० चं एमएमसी तर साध्या कार्ड रीडरला लावूच नका. त्याची आतली रचना सिमेन्सची स्वतःची आहे, विंडोजमधून फॉरमॅट केलं की ते पीएलसीसाठी कायमचं निकामी, त्याला सिमेन्सचा यूएसबी प्रॉमर किंवा फील्ड पीजी लागतो. एस७-१२००, १५०० चं कार्ड मात्र साध्या रीडरमध्ये दिसतं, आत लॉग नावाचं एक लपलेलं फोल्डर आणि कार्ड इन्फोची एक बिन फाइल असते, ती कचरा समजून डिलीट करायची नाही, ती गेली की पीएलसी ते कार्ड ओळखत नाही. आणि सीफास्ट आणि सीएफ दिसायला भावंडं असली तरी सीफास्ट आतून साटा जोडणीचं आहे आणि सीएफ जुनं आयडीई, एकाच्या रीडरमध्ये दुसरं बसवायला जोर लावू नका.

अजून एक, विंडोज नुसतं कार्ड लावलं तरी त्यावर लिहितं. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचं फोल्डर आपोआप तयार होतं, आणि मायक्रो एसडी मोबाइलमध्ये टाकून बघणारे जे असतात त्यांच्या कार्डावर अँड्रॉइड स्वतःची फोल्डरं टाकतो. डिलीट झालेल्या फाइलची जागा मोकळी म्हणून नोंदलेली असते, नवीन लिखाण नेमकं तिथे जाऊन बसू शकतं. एसडीच्या कडेचं लॉकचं बटण पण पूर्ण भरवशाचं नाही, ते नुसतं प्लास्टिकचं सरकतं, ते मानायचं की नाही हे रीडर ठरवतो.

आधी डोळ्यांनी तपासा

टॉर्च घ्या, भिंग असेल तर उत्तम. सीएफला ५० भोकं असतात आणि पिना रीडरच्या किंवा मशीनच्या बाजूला असतात, त्यातली एक वाकलेली असली तरी कार्ड दिसत नाही, आणि वाकलेल्या पिनवर परत परत कार्ड दाबलं तर पिन अजून वाकते. अर्ध्या केसेसमध्ये कार्ड बरोबर, अडॅप्टर खराब, असं मी पाहिलंय. दुसरा रीडर लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, पुण्यात तपकीर गल्लीत सीएफचा रीडर आणि सीएफ ते आयडीई अडॅप्टर दोन्ही मिळून जातं. जुनं इंडस्ट्रियल सीएफ यूएसबी रीडरवर अडखळत असेल तर जुन्या डेस्कटॉपच्या आयडीई पोर्टला अडॅप्टरने लावा, सीएफ मुळात आयडीईचीच भाषा बोलतं, कधीकधी तिथे शांतपणे वाचलं जातं.

कूलंट आत गेलं असेल, आपल्याकडे हे फार, तर कार्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मऊ ब्रशने भोकाजवळचा चिकटा काढा आणि पूर्ण वाळू द्या, एक दिवस लागला तरी चालेल. हेअर ड्रायर, हीट गन, ओव्हन नको. फ्लॅशमध्ये डेटा म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार, तो उष्णतेने लवकर गळतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला पण कोणीतरी देतोच, तो पण नको, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं.

लावल्यावर कार्ड चटका बसेल इतकं तापलं तर लगेच काढा. दोन जीबीचं कार्ड शून्य किंवा भलताच आकडा दाखवत असेल, म्हणजे आठ एमबी वगैरे, तर आतल्या कंट्रोलरने मान टाकली. तो कंट्रोलर एक तक्ता सांभाळतो, कुठला डेटा खऱ्या फ्लॅशमध्ये कुठे आहे याचा, आणि लिहिता लिहिता कोणी मेन स्विच पाडला की तो तक्ता अर्धवट राहतो. अशा कार्डावर कुठलंही सॉफ्टवेअर चालवून उपयोग नाही, खाली लॅबचं लिहिलंय ते बघा.

याच्या उलट एक चांगली खूण पण आहे. तुम्ही फाइल डिलीट करता, कार्ड काढून परत लावता आणि फाइल तिथेच! फॉरमॅट झालं म्हणतं आणि सगळं जसंच्या तसं. म्हणजे कार्डाचं आयुष्य संपल्यामुळे कंट्रोलरने लिहिणं बंद केलंय, वाचणं चालू आहे. डेटा बहुतेक सगळा शाबूत असतो, निवांत कॉपी करा आणि कार्ड निवृत्त करा. लिहिण्याला मर्यादा असतेच, फ्लॅशचे प्रकार वेगवेगळे, एसएलसीचा एकेक ब्लॉक साधारण १ लाख वेळा लिहिता-पुसता येतो, एमएलसीचा ३ ते १० हजार, टीएलसीचा हजाराच्या आसपास किंवा थोडा जास्त, म्हणूनच इंडस्ट्रियल कार्ड महाग असतं आणि म्हणूनच मोबाइलच्या दुकानातलं कार्ड लॉगरमध्ये टाकलं की ते लवकर दम तोडतं.

आता मुख्य काम, इमेज

कार्डावर काहीही करायचं नाही, कार्डाची पूर्ण कॉपी, म्हणजे इमेज, काढायची आणि सगळे प्रयोग कॉपीवर. स्कॅन नाही, चेकडिस्क तर मुळीच नाही, चेकडिस्क तुटलेल्या साखळ्या कापून कार्डावरच दुरुस्ती लिहितं आणि परतीचा रस्ता बंद करतं.

यासाठी पेन ड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स टाकून ठेवा, फुकट आहे, लॅपटॉप त्यावरून बूट करायचा. त्यात डीडीरेस्क्यू (इमेज काढणारं), टेस्टडिस्क आणि फोटोरेक (इमेजमधून फाइल काढणारी) तिन्ही येतात आणि ते कार्ड लावल्या लावल्या स्वतःहून माउंट करत नाही, म्हणजे उघडून त्यावर काही लिहायला जात नाही, हा मोठा फायदा. उबंटू वापरलं तर त्यात आपोआप माउंट होणं आधी बंद करा.

कार्ड लावायच्या आधी एलएसबीएलके कमांड द्या, ड्राइव्हची यादी कागदावर लिहा, मग कार्ड लावून परत द्या. नवीन जे दिसलं ते तुमचं कार्ड, साइझ जुळवा, दोन जीबीच्या कार्डासमोर १.९ सारखा आकडा दिसेल. समजा ते एसडीबी आहे. इमेज पूर्ण एसडीबीची काढायची, एसडीबी१ या पार्टिशनची नाही, कारण पार्टिशनचा तक्ताच बिघडला असेल तर तो पण आपल्याला हवाय.

डीडीरेस्क्यूला क्रमाने तीन नावं द्यायची, आधी कार्ड, मग इमेज फाइल, मग मॅप फाइल. क्रम उलटा झाला तर कार्डच लिहिण्याची जागा ठरेल, म्हणून एंटर दाबायच्या आधी परत बोट ठेवून वाचा. इमेज आणि मॅप दोन्ही दुसऱ्या हार्ड डिस्कवर. पहिल्या फेरीत मायनस आणि छोटा एन हा ऑप्शन द्या, म्हणजे जे सहज वाचलं जातंय ते आधी काढून घेतं आणि अडणाऱ्या जागा सोडून पुढे जातं. मरायला टेकलेल्या कार्डाकडून आधी चांगलं ते घ्यायचं, हट्टी जागांशी नंतर झगडायचं. दुसऱ्या फेरीत तो एन काढा, छोटा डी द्या म्हणजे थेट वाचन, आणि छोटा आर ला ३ द्या म्हणजे तीनदा प्रयत्न. मॅप फाइलमध्ये कुठलं वाचून झालं त्याची नोंद असते, म्हणून मध्येच कार्ड अडकलं तर कंट्रोल सी दाबून थांबवा, कार्ड काढा, दहा मिनिटं थंड होऊ द्या, परत लावा आणि तीच कमांड द्या, जिथे सोडलं तिथून पुढे चालू होतं. फक्त परत लावल्यावर एसडीबीचं एसडीसी झालेलं असू शकतं, यादी पुन्हा बघा.

चांगलं कार्ड काही मिनिटांत होतं, खराब कार्ड रात्रभर घेतं. घेऊ द्या. झालं की इमेजची अजून एक कॉपी काढा आणि मूळ कार्डावर तारीख लिहून डबीत बंद करा.

इमेजमधून प्रोग्राम काढणं

कॉपी टेस्टडिस्कमध्ये उघडा. पार्टिशनचा प्रकार विचारेल, बहुतेक इंटेल, पण काही मशीनची कार्डं पार्टिशन न करताच फॉरमॅट केलेली असतात, तेव्हा नन निवडा, मी पहिल्यांदा इथे दोन तास घालवले होते. मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा. बूट सेक्टर (कार्डाची सुरुवातीची माहिती) खराब असेल तर फॅट३२ (फाइल ठेवायची एक पद्धत) मध्ये त्याची एक प्रत सहाव्या सेक्टरला असते, टेस्टडिस्क ती परत बसवतं. जुनी २ जीबीपर्यंतची कार्डं बहुतेक फॅट१६ ची, त्यात अशी प्रत नसते, तिथे रिबिल्ड बीएस करून बघायचं. हे सगळं कॉपीवर, हे विसरू नका.

फाइल नुसत्या डिलीट झाल्या असतील तर अनडिलीटमध्ये लाल रंगात दिसतात आणि नावाचं पहिलं अक्षर गायब असतं. कारण फॅटमध्ये डिलीट म्हणजे फाइलच्या नोंदीतलं पहिलं अक्षर पुसून तिथे ई५ ही हेक्स खूण टाकतात, नावाचा बाकी भाग, साइझ, तारीख, सुरुवातीची जागा तशीच राहते. आपल्याला इथे फॅनक मदतीला येतो, कारण प्रोग्रामच्या फाइलचं नाव ओ या अक्षराने आणि पुढे चार आकडे असं बहुतेक वेळा असतं. म्हणजे गेलेलं अक्षर कुठलं ते आधीच माहिती! फक्त एक लक्षात ठेवा, डिलीट करताना फाइलचे तुकडे कुठून कुठे जोडलेले होते ती साखळी शून्य होते, म्हणून सॉफ्टवेअर असं धरून चालतं की फाइल सलग होती. कार्डावर खूप वेळा लिहा-पुसा झालेली असेल तर तसं नसतं.

फॉरमॅट झालं असेल तर क्विक फॉरमॅट होतं का ते विचारा. क्विकमध्ये वरचे तक्ते पुसले जातात, खालचा डेटा जागेवर असतो. पण विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये फुल फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितं, तसं झालं असेल तर स्पष्ट सांगतो, मिळण्याची आशा धरू नका.

क्विक फॉरमॅटवाल्याला फोटोरेक. नावावर जाऊ नका, ते टेक्स्ट पण काढतं. फाइल ऑप्शनमध्ये एस दाबून सगळे प्रकार बंद करा, फक्त टीएक्सटी चालू ठेवा, नाहीतर हजार निरुपयोगी फाइल येतात. व्होल निवडा म्हणजे पूर्ण कार्ड बघेल. बाहेर येणाऱ्या फाइलला खरं नाव नसतं, एफ आणि पुढे आकडा असतो, तो आकडा म्हणजे फाइल कार्डावर कुठल्या सेक्टरला सापडली.

आणि तरीही हवं ते मिळालं नाही तर हाताने. मला ही पद्धत मनापासून आवडते कारण आपला डेटा हा वाचता येणारा मजकूर आहे. फॅनकचा प्रोग्राम % ने सुरू होतो, पुढच्या ओळीवर ओ आणि नंबर, बऱ्याचदा कंसात पार्टचं नाव, आणि शेवटी एम३० आणि परत %. एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये इमेज उघडा, तुम्हाला हव्या त्या प्रोग्रामचा नंबर किंवा कंसातलं पार्टचं नाव शोधा, डावीकडे आकड्यांचं जंगल आणि उजवीकडे एकदम ओळखीचं जी९०, जी५४, टी५, एम६ दिसायला लागतं. त्या क्षणी मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. % पासून % पर्यंत सिलेक्ट करून नवीन फाइलमध्ये सेव्ह करा.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्याच एका जॉबवर्कवाल्या काकांकडे हेच केलं. जुनं सीएफ अधूनमधून एरर देत होतं, सेकंड शिफ्टच्या पोराने लॅपटॉपला लावून क्विक फॉरमॅट केलं आणि वर पाच-सहा नवीन प्रोग्राम टाकले. इमेज काढताना नऊ सेक्टर वाचलेच गेले नाहीत. फोटोरेकने बरंच दिलं, पण एकाच ओ नंबरचे तीन-तीन अवतार आले कारण दरवेळी एडिट करून सेव्ह करताना जुनं कार्डाच्या कोपऱ्यात तसंच पडून राहिलं होतं. त्यातलं शेवटचं कुठलं हे कोण सांगणार? काकांच्या जुन्या सेटरला सवय होती, प्रत्येक बदलाची तारीख कंसात लिहायची, त्या एका सवयीने आम्हाला वाचवलं. ज्यात तारीख नव्हती तिथे चालू टूलिंगशी टूल नंबर जुळवत बसलो, पूर्ण गुरुवार गेला.

मिळालेला प्रोग्राम लगेच कापायला लावू नका

त्या नऊ सेक्टरचं सांगतो. एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट, जी कोडच्या साधारण वीस-पंचवीस ओळी. जे वाचलं गेलं नाही तिथे इमेजमध्ये शून्यं असतात, आणि ती नोटपॅडमध्ये उघडल्यावर नुसती रिकामी जागा वाटते, नजर सरळ पुढे जाते. म्हणून डीडीरेस्क्यूचा फिल मोड वापरा. इमेजच्या आणखी एका कॉपीवर, त्याच मॅप फाइलच्या आधारे, न वाचलेल्या प्रत्येक जागी तुम्ही दिलेला शब्द भरला जातो, मी मोठ्या अक्षरात बॅडसेक्टर असा भरतो. मग इमेजमध्ये तो शब्द शोधायचा, ज्या प्रोग्रामच्या पोटात सापडेल तो प्रोग्राम जखमी.

काकांच्या एका प्रोग्राममध्ये हा शब्द ड्रिलिंग संपून पुढच्या पॉकेटला जायच्या मध्येच सापडला. झेड वर घ्यायची ओळ त्या खड्ड्यात गेलेली आणि खड्ड्यानंतर लगेच एक्स-वायची रॅपिड. हा तसाच चालवला असता तर ड्रिल जॉबमध्ये असताना टेबल सुटलं असतं. ती फाइल आम्ही टाकून दिली नाही, दुसऱ्या जुन्या अवतारातून त्या ओळी घेऊन जोडल्या आणि सेटरने एकेक ओळ वाचून खाली सही केली.

म्हणून मिळालेल्या प्रत्येक प्रोग्रामला आधी शेवटी एम३० किंवा एम९९ आणि % आहे का बघा. प्रत्येक टूल चेंजनंतर जी४३ (टूलच्या लांबीची भरपाई) आणि त्याचा एच नंबर आहे का. दशांश टिंबं जागेवर आहेत का, कारण पॅरामीटर कसा सेट आहे त्यावर टिंब नसलेला १०० हा शंभर मिलिमीटर धरला जातो की दशांश एक, हे ठरतं. मग सिम्युलेशन, मग मशीनवर वर्क ऑफसेटचा झेड ५०-१०० मिलिमीटर वर उचलून ड्राय रन, मग सिंगल ब्लॉकमध्ये, रॅपिड ओव्हरराइड खाली ठेवून आणि हात फीड होल्डवर. पहिला पीस पूर्ण मोजायचा.

पॅरामीटरची फाइल अर्धवट मिळाली असेल तर ती मशीनमध्ये अजिबात लोड करू नका. ॲक्सिसची लिमिट, रेफरन्स पोझिशन, सर्वोचं ट्यूनिंग सगळं त्यात असतं. मशीन बनवणारे बऱ्याचदा पॅरामीटर शीट छापून इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दारामागच्या खिशात ठेवतात, पिवळी पडलेली, तेलकट, पण असते. ती काढा आणि ओळीने जुळवा, फरक पडला तर मशीनवाल्यांना विचारूनच पुढे.

लॅबला कधी द्यायचं

कार्ड दिसतच नाही, साइझ शून्य, तापतंय, किंवा तडा गेलाय आणि आतलं काम महत्त्वाचं आहे, तर स्वतः उघडू नका. लॅबवाले सीएफमधली फ्लॅश चिप सोल्डर काढून बाहेर घेतात, पीसी-३००० फ्लॅशसारख्या सिस्टिमवर ती थेट वाचतात, आणि मग कंट्रोलरने जे उलटसुलट करून ठेवलेलं असतं, एरर करेक्शन, डेटा मिसळणं, ब्लॉकची फिरवाफिरव, ते सगळं उलगडून परत जुळवतात. मायक्रो एसडीत तर वेगळी चिप नसतेच, सगळं एकाच ठोकळ्यात ओतलेलं असतं, वरचा थर खरवडून बारीक वायरी जोडाव्या लागतात. वेळखाऊ आणि महाग काम आहे, आणि ज्या कार्डाला आधी कोणी हीट गन लावली असेल तिथे ते पण हात वर करतात. देताना चार गोष्टी लिहून द्या, कुठल्या मशीनचं कार्ड, कंट्रोलचं मॉडेल, काय शोधायचंय त्याचे दोन-तीन ओ नंबर आणि पार्टची नावं, आणि बिघडल्यापासून कार्डावर कोणी काय केलं ते सगळं खरं खरं. पोराने फॉरमॅट केलं असेल तर तेही लिहा, त्याला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही आणि तुम्ही भलत्याच दिशेने शोधत बसाल.

उडालेलं कार्ड परत मशीनमध्ये लावायचं नाही, फॉरमॅट होऊन चालायला लागलं तरी नाही. काकांकडे आता प्रत्येक मशीनला दोन सीएफ आहेत, दोन्ही एसएलसी, दोन्ही मशीनवरच फॉरमॅट केलेली. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तोच सेकंड शिफ्टचा पोरगा सगळे प्रोग्राम, ऑफसेट आणि एसरॅमचा बॅकअप घेतो, ऑफिसच्या पीसीवर तारखेच्या फोल्डरमध्ये टाकतो, दोन फाइल उघडून खरंच वाचल्या जातात ना बघतो, आणि पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर तारीख टाकून सही करतो.